अनुभव धागा: मुलांचं इंटरनेट आणि आपण आईबाप

माझी मुलगी पंधराची आहे. फोन देऊन तीन वर्षं झाली आणि या तीन वर्षांत घरात जेवढी भांडणं झाली त्यातली निम्मी तरी त्या फोनवरून. मी सुरुवातीलाच फॅमिली लिंक, म्हणजे मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं अ‍ॅप, लावलं होतं, रात्री दहाला फोन बंद, नवीन अ‍ॅप घ्यायचं तर माझी परवानगी. सहा महिन्यांनी कळलं की ती माझ्याच कपाटातला जुना फोन वायफायवर वापरत होती. मला त्या फोनपेक्षा याचं जास्त वाईट वाटलं की सहा महिने ती माझ्यापासून काहीतरी लपवत जगत होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. तुमच्याकडे काय झालं, काय जमलं, काय नाही जमलं ते सगळं लिहा प्लीज. मुलं-मुली वाचत असतील तर त्यांनीही लिहा.

*

आमचं लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून. मुलगा सोळाचा. गेममध्ये एका मुलीशी ओळख झाली, म्हणजे मुलगी म्हणून जी कोणी होती तिच्याशी, मग चॅट, मग तिने फोटो पाठवले आणि याच्याकडे मागितले. याने एक पाठवला. दहा मिनिटांत मेसेज, पैसे पाठव नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना पाठवतो, खाली याच्या मित्रांच्या आणि मावशीच्या अकाउंटचे स्क्रीनशॉट. तीन दिवस पोरगा जेवला नाही, झोपला नाही, आम्हाला वाटलं परीक्षेचं टेन्शन. शेवटी बहिणीला सांगितलं आणि तिने आम्हाला.

मी विचारलं पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस, तर म्हणाला, "बाबा, तुम्ही फोन काढून घेतला असता." आणि खरं होतं ते. आधीच्या वर्षी मार्क कमी आले म्हणून मी दोन महिने फोन कपाटात ठेवला होता. मार्कांचा आणि फोनचा काही संबंध होता का हे मी तेव्हा बघितलंही नव्हतं.

आम्ही काय केलं ते सांगतो. पैसे दिले नाहीत, कारण एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. चॅट डिलीट केलं नाही, आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट, समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, मग अ‍ॅपमध्ये रिपोर्ट आणि ब्लॉक, मग पोलिसात तक्रार. टेक इट डाउन म्हणून एक मोफत सेवा आहे, 2023 पासून, अठराच्या आतल्या मुलांच्या अशा फोटोंसाठीच. फोटो तिथे अपलोड करावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा बनतो आणि तेवढाच पुढे जातो, मग जे प्लॅटफॉर्म यात सामील आहेत ते त्या ठशावरून फोटो शोधून काढून टाकू शकतात. त्या रात्री मी त्याच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपलो. फोन त्याच्याकडेच ठेवला.

*

मी एकोणीस वर्षांची आहे, मुलांच्या बाजूने लिहिते. आई माझे चॅट वाचायची, मी झोपल्यावर माझं बोट लावून फोन उघडायची. मला कळलं त्याच आठवड्यात मी दुसरं अकाउंट काढलं आणि पहिल्यावर फक्त आईला दाखवण्यासारखं लिहायला लागले. म्हणजे ती वाचत होती ते मी नव्हतेच. बाबांचं वेगळं होतं, मी व्हिडिओ बघत असताना ते शेजारी येऊन बसायचे आणि विचारायचे, हा कोण, हा असं का बोलतो, याला पैसे कुठून मिळतात? वजन कमी करायचे व्हिडिओ माझ्या फीडमध्ये एकामागून एक यायला लागले तेव्हा मी बाबांनाच दाखवलं. त्यांनी ओरडा नाही केला, दोघांनी बसून एकेकावर "नॉट इंटरेस्टेड" केलं, थोड्या दिवसांनी बरेच कमी झाले. आईचं प्रेम कमी होतं असं नाही हं, ती घाबरलेली होती, आता समजतं मला.

*

आमच्याकडे रात्री सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सगळे म्हणजे आमचेही. आधी फक्त मुलांचे होते तेव्हा रोज वाद, आम्ही आमचे ठेवायला लागलो तसे वाद बंद झाले. गजराचं साधं घड्याळ आणलं.

*

एक चूक माझी. सगळ्या मित्रांकडे आहे म्हणून मुलगा अकरा वर्षांचा असताना मीच त्याला इन्स्टाग्रामचं अकाउंट काढून दिलं, तेरा वर्षांची अट होती म्हणून जन्मसाल सहा वर्षं मागचं टाकलं. परिणाम काय होईल याचा विचारच केला नाही. तो बारा पूर्ण झाला आणि अ‍ॅपच्या हिशोबात अठरा! 2024-25 मध्ये तिथे अठराच्या आतल्यांसाठी टीन अकाउंट आले, आपोआप प्रायव्हेट, अनोळखी लोकांचे मेसेज बंद, ते त्याला लागूच झाले नाहीत कारण तो कागदोपत्री मोठा माणूस. त्याला कोण कोण मेसेज करत होतं ते बघून माझे हातपाय गार पडले. ज्यांनी असं केलंय त्यांनी आजच जन्मतारीख तपासा.

*

मुलगा तेरा वर्षांचा झाला तेव्हा म्हणाला, "आई, माझे लहानपणीचे आंघोळीचे फोटो काढून टाक तुझ्या अकाउंटवरून." फोटो टाकताना मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. एका बैठकीत दोनशेच्या वर फोटो काढून टाकले. त्यानंतर तो स्वतः काही टाकायच्या आधी मला विचारायला लागला, तसं मी त्याला सांगितलं नव्हतं.

*

धागा मीच काढला होता, परत येऊन लिहिते. गेमचा अनुभव वाचून मी लेकीला विचारलं, तुझ्यावर असं काही आलं तर कोणाला सांगशील? ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मावशीला. लागलं मनाला, खोटं कशाला बोलू. पण मी बहिणीला फोन करून सांगून ठेवलंय, ती तुझ्याकडे आली तर आधी सगळं ऐकून घे, आणि मला कधी सांगायचं ते तिलाच ठरवू दे.