वायपर, हेडलाइट आणि आपले घरगुती उद्योग: अनुभव लिहा

परवा रात्री पावसात गाडी चालवताना लक्षात आलं की मी अर्धा रस्ता अंदाजानेच बघतोय. वायपर फिरला की काचेवर साय ओढल्यासारखा पट्टा उरायचा, समोरून गाडी आली की त्या पट्ट्यात सगळा उजेड पसरायचा. आणि माझे हेडलाइट म्हणाल, तर जुन्या प्लास्टिकच्या डब्यासारखे पिवळे. हे काही एका रात्रीत झालेलं नाही. रोज थोडं थोडं कमी दिसत गेलं आणि मी पठ्ठ्या डोळे तपासून आलो! नंबर आहे तोच आहे म्हणाले.

आता दोन्ही कामं घरीच करायची ठरवली आहेत. ज्यांनी केलीत त्यांनी लिहा. काय जमलं ते नंतर, आधी काय फसलं ते सांगा.

* * *

फसलेलंच सांगायचं तर मीच पहिला. नवीन ब्लेड लावली, पाऊस आला, वायपर ऐटीत फिरतायत आणि पाणी जागच्या जागी. मनातल्या मनात दुकानदाराचा उद्धार केला. दोन दिवसांनी मुलगी म्हणाली, "बाबा, हे प्लास्टिक काढायचं नसतं का?" रबराची धार खराब होऊ नये म्हणून नव्या ब्लेडवर पातळ पट्टी चढवलेली असते. ती तशीच ठेवून मी दोन दिवस गाडी हाकली होती.

* * *

वरचं वाचून हसलो, पण माझं जास्त महागात पडलंय. जुनी ब्लेड काढली, दांडी उभी ठेवली आणि नवीन ब्लेडचं खोकं उघडायला वळलो. मागे खट्ट! ब्लेड नसलेली दांडी म्हणजे स्प्रिंग लावलेला लोखंडी हुक. तो काचेवर आपटला, आधी नखाएवढी चीर पडली, संध्याकाळपर्यंत ती वीतभर झाली. ब्लेड बदलायला गेलो आणि आख्खी काच बदलून आलो. तेव्हापासून दांडी उचलायच्या आधी काचेवर जाड टॉवेल घडी घालून ठेवतो. बाकी काही विसरलात तरी टॉवेल विसरू नका.

* * *

यात एक भर. काही गाड्यांत वायपरच्या दांड्या बॉनेटखाली दडलेल्या असतात. जोर लावून उचलल्या तर बॉनेटच्या कडेचा रंग जातो. अशा गाड्यांना वायपर मधोमध उभे करून थांबवण्याची सोय असते. बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद केल्यावर लगेच स्टिअरिंगजवळची वायपरची कांडी दाबली की होतं. नक्की कसं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. ती डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेली असते, आपण उघडत नाही एवढंच.

* * *

मापाबद्दल: दोन्ही ब्लेड सारख्याच असतील असं धरून चालू नका. बहुतेक गाड्यांत चालकाकडची लांब असते, दुसरी आखूड. मागच्या काचेची तर वेगळीच. माप इंचात असतं, टेप लावून मोजा. मी "दोन इंच मोठी लावली तर जास्त काच पुसेल" अशी हुशारी केली होती. ती बाजूच्या खांबावर टकटक आपटायला लागली आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही ब्लेड एकमेकींत अडकल्या.

जोडणीही बघून घ्या. इंग्रजी जे सारखा वाकलेला हुक सर्रास दिसतो, पण बटणाचे आणि खिट्टीचेही प्रकार आहेत. बसली की क्लिक ऐकू येतं. आलं नाही तर बसलेली नाही, भर पावसात उडून जाईल.

आणि सांगाडा धड असेल तर नुसतं रबर बदलता येतं. जुन्या रबरातल्या दोन बारीक पोलादी पट्ट्या फेकू नका, नव्यात त्याच घालायच्या असतात. त्यांचा बाक ज्या बाजूला होता त्याच बाजूला ठेवा.

* * *

माझी तक्रार वेगळी होती. नवीन ब्लेड, तरी थरथर. पुसताना दर वेळी गर्रर्र असा आवाज. दुसरी जोडी आणली, तेच. शेवटी कळलं की दोष काचेचा. धुराची, मेणाची, झाडाच्या चिकाची एक न दिसणारी चिकट पापडी बसलेली होती. आधी साबणाने, मग कापडावर अल्कोहोल घेऊन काच घासली, कापड काळं होणं थांबेपर्यंत. आवाज गायब.

तरीही थरथर राहिली तर दांडी पिळलेली आहे का बघा. रबराची धार प्रत्येक फेरीला उलट्या बाजूला कलंडायला हवी. दांडी तिरकी असेल तर ती एका बाजूला कलंडते आणि परतीच्या वाटेवर खरवडत येते.

काचेवरच्या खुणाही बोलतात. एकच बारीक रेघ असेल तर रबराला खाच पडली आहे किंवा कचरा अडकलाय. सगळीकडे धूसर फराटा, म्हणजे काच तेलकट. मध्येच पुसला न जाणारा तुकडा, म्हणजे तिथे दाब पोचत नाही.

* * *

दिव्यांवर टूथपेस्ट. केली. चकाचक झाले. फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. पुढच्या फोटोत परत पिवळे.

* * *

टूथपेस्टमध्ये बारीक खरखरीत कण असतात, ते वरचा थर थोडा घासतात, इतकंच. मी सगळं रीतसर केलं, म्हणून सविस्तर लिहितो.

हेडलाइटचं आवरण पॉलिकार्बोनेटचं असतं. दगड लागला तरी फुटत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून कारखान्यातच त्याच्यावर संरक्षक थर देतात. कालांतराने तो थरच उन्हाने खराब होतो, पिवळा पडतो, पापुद्रे सुटतात. आपल्याला तो पूर्ण काढायचा असतो. अर्धवट राहिला तर त्याच्या कडा नकाशासारख्या दिसत राहतात.

आधी धुवून घेतले आणि भोवती मास्किंग टेप लावली. इथे मी कंजुषी केली, एकच थर लावला, आणि बॉनेटच्या कडेला रुपयाएवढा रंग घासला गेला. दोन थर लावा. मग 1000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हात मारला, तर दिव्यावरून हळदीसारखं पाणी ओघळायला लागलं. ओघळ पांढरा होईपर्यंत घासायचं. या टप्प्याला दिवा आधीपेक्षा भयाण दिसतो, पूर्ण पांढरट. बायको गॅलरीतून म्हणाली, "झालं समाधान?" इथे घाबरून थांबायचं नाही.

पुढे 1500, 2000, 3000; नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. एक पेपर आडवा फिरवला तर पुढचा उभा. म्हणजे आधीचे चरे गेले की नाही ते लगेच कळतं. ओला दिवा बघून खूश होऊ नका, पाणी चऱ्यांत भरून ते लपवतं. प्रत्येक नंबरनंतर वाळवून बघा. मी 1500 ला घाई केली, त्याचे चरे शेवटच्या पॉलिशनंतर डोकं वर काढून बसले आणि दोन पायऱ्या मागे जावं लागलं.

शेवटी पॉलिशिंग कंपाउंड, मग अल्कोहोलने पुसून अतिनील किरणांना अडवणारं कोटिंग. हे शेवटचं टाळायचं असेल तर आधीचं काहीच करू नका. उघडं पॉलिकार्बोनेट काही महिन्यांत पुन्हा पिवळं पडतं.

* * *

डास पळवायचा स्प्रे मारून कापडाने पुसायचा, असा एक व्हिडिओ फिरतो. माझ्या भावाने केलं. त्या स्प्रेतलं डीट हे डास पळवणारं रसायन प्लास्टिकचा वरचा थर मऊ करतं, म्हणून घटकाभर चकाकी येते. काही दिवसांनी सगळ्या आवरणावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. थिनर आणि अ‍ॅसिटोनचंही तेच. दोन्ही दिवे नवीन आणावे लागले.

* * *

घासण्याआधी धुकं बाहेर आहे की आत, ते बोट फिरवून बघा. माझं आत होतं. मी बाहेरून तासभर पेपर मारत बसलो. दिव्याचं सील गेलं होतं, पाणी शिरत होतं.

* * *

तुम्ही सगळे तरुण दिसता. आमच्या वेळी दिवे काचेचेच होते, पिवळे व्हायचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत तर 1940 पासून काचेचे सीलबंद दिवेच बंधनकारक होते. तिथे नियम 1983 मध्ये बदलला आणि 1984 च्या लिंकन मार्क सेव्हनला पहिल्यांदा बल्ब बदलता येणारे प्लास्टिकच्या आवरणाचे दिवे आले. आकार हवे तसे मिळाले, घासकाम आपल्या वाट्याला आलं. वायपरचं पेटंट मेरी अँडरसन या बाईंनी 1903 मध्येच घेतलं होतं. आतून हाताने दांडा ओढायचा. थरथरला तर दोष कोणाचा, हे तरी लगेच कळत असेल.

* * *

मूळ लेखक परत आलाय. टॉवेल ठेवला, पट्टी काढली, क्लिक ऐकलं. काच पुसताना तीन फडकी काळी झाली. डाव्या दिव्याला कोटिंग लावून वाळत ठेवलाय, टेपचे दोन थर होते तरी नंबरप्लेटपर्यंत हळदीचं पाणी गेलंच. उजव्याला 2000 पर्यंत आलो आणि आभाळ भरून आलं. सध्या गाडीचा एक डोळा टकाटक आहे आणि एकाला मोतीबिंदू. उजवा रविवारी, ऊन पडलं तर.