केवडा, केतकी आणि केकताड

घाटावरचा:
दिवेआगरला जाऊन आलो. पुळण संपते आणि सुरूचं बन लागतं, तिथे एक काटेरी झुडूप दाटलंय. डोक्याच्या वर उंची, तलवारीसारखी लांब पानं, बुंध्यातून काठ्या फुटून वाळूत रोवल्यासारख्या. अननसासारखं एक फळ लोंबत होतं. वास कसलाच नाही. फोटो जोडलाय. जिथे उतरलो होतो तिथल्या काकू म्हणाल्या, "केतकी ती." आमच्या घरी तर बांधावरच्या केकताडाला केतकी म्हणतात, जिच्या वाखाचे दोर वळतात. मग ही कुठली? आणि केवडा म्हणतात तो हाच का?

पुळणकरीण:
हाच. फक्त तुम्हाला बाईमाणूस भेटलं. केवड्यात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. पावसाळ्यात नराला कणीस येतं, पिवळट पांढऱ्या पातींत गुंडाळलेलं, आणि घमघमाट सगळा त्याचा. हरतालिकेच्या आदल्या दिवशी बाजारात एकेक पात सुटी करून विकतात ती त्या कणसाचीच. फळ धरतं ते मादीला. आमच्याकडची जुनी माणसं फळवालीला केतकी म्हणायची, बाकी सगळे झाडालाही केवडा म्हणतात आणि फुलालाही. माझी आजी हाताला गोणपाट गुंडाळून कणीस काढायची, तरी कोपरापर्यंत ओरखडे. बनात नाग असतो म्हणून आम्हा पोरांना लांब उभं करायची. नाग कधी दिसला नाही, काटे मात्र रोज लागले.

शब्दवेडा:
संस्कृतात केतक आणि केतकी दोन्ही आहेत. प्राकृतात मधला त गळून केअअ, केअई झालं, आणि पुढे डा लागून आपला केवडा. केतकी हे रूप मात्र पोथ्यापुराणांतून जसंच्या तसं आलं. ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिली म्हणून शंकराला चालत नाही, ती केतकीच. त्या कथेत कुणी 'केवडा' म्हणत नाही. दागिन्यांत तर दोन्ही शब्द नांदतात: अंबाड्यावर केतकही माळायच्या आणि केवडाही.

जाता जाता, फुलातला ड साधा. "केवढा मोठा!" मधला ढ वेगळा. 'केवढ्याचं अत्तर' असं लिहिलेली पाटी पाहिली की किंमत विचारतोय असं वाटतं.

ऊसवाला:
आमच्याकडे केवडा आला की कुणी वास घेत नाही, डोक्याला हात लावतात. चुनखडीच्या रानात उसाला लोह मिळेनासं झालं की कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात, त्याला "केवडा पडला" म्हणतात. मग हिराकस फवारायचा. बाजरीवरचा केवडा मात्र बुरशीचा, त्याला गोसावीही म्हणतात. नाव एक, औषध वेगळं, आणि दुकानात नुसतं "केवड्यावरचं द्या" म्हटलं की घोळ होतो.

घाटावरचा:
केवड्याच्या पातीच्या रंगावरून का ते! आजवर लक्षातच आलं नव्हतं. पण केकताडाचं काय?

पुळणकरीण:
त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. ते मूळचं मेक्सिकोकडचं. पान जाड, गरदार, टोकाला दाभण, आणि सगळी पानं जमिनीलगत. आयुष्यात एकदाच उंच दांडा काढून फुलतं आणि मरतं. केवड्याचं पान पातळ, मळसूत्रासारखं फिरत फिरत लागलेलं. फोटोत पान उलटं दिसत असेल तर बघा: दोन्ही कडांना काटे असतातच, पण खालून मधल्या शिरेवरही असतात.

शब्दवेडा:
म्हणजे नाव पानाच्या तोंडवळ्यावरून गेलं असणार. लांब, टोकदार, काटेरी दिसलं की केतकी. समुद्र न पाहिलेल्या गावाला बांधावरचं जवळचं.

घाटावरचा:
फोटो मोठा करून पाहिला. शिरेवर काटे आहेत. आईला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "असेल तिकडं तसं. आपल्या बांधावर केतकीच आहे."