प्रतिसाद: अवॉर्ड (लवादाचा निकाल) आला म्हणजे पैसे आले असं नाही

वर कोणीतरी लिहिलंय की लवादात (कोर्टाऐवजी पंचापुढे वाद सोडवणं) वर्ष-दीड वर्षात निकाल लागतो. लवाद कायद्याच्या कलम २९अ मध्ये अवॉर्ड देण्याची मुदत आहे खरी, पण खरी लढाई अवॉर्डनंतर सुरू होते, हरलेला कलम ३४ खाली अवॉर्ड रद्द करून घ्यायला कोर्टात जातो, मग ३७ चं अपील, मग सुप्रीम कोर्ट. दिल्ली मेट्रोच्या एअरपोर्ट लाइनच्या वादाचंच बघा ना, अवॉर्ड २०१७ चा, २०२१ ला सुप्रीम कोर्टाने तो कायम केला आणि एप्रिल २०२४ मध्ये क्युरेटिव्हमध्ये (सुप्रीम कोर्टातली अगदी शेवटची याचिका) त्याच कोर्टाने फिरवला! २०१५ च्या दुरुस्तीनंतर नुसतं ३४ दाखल केलं म्हणून अवॉर्डच्या वसुलीला आपोआप स्टे (स्थगिती) मिळत नाही, हे मात्र फार चांगलं झालं, छोट्या कंत्राटदारांचा जीव त्यातच अडकायचा.