अपील अकरा मिनिटांत फेटाळलं. माणसाने पाहिलं तरी का?

तारजुळव्या: वाद्य सुरात लावायचं छोटं ॲप आहे माझं. परवा स्टोअरकडून मेल आली : ‘फसवं वर्तन, ॲप निलंबित.’ फसवं नेमकं काय, ते नाही. माझा अंदाज, मायक्रोफोनची परवानगी खटकली. अहो, ऐकल्याशिवाय सूर कसा सांगणार? अपील केलं, तर अकराव्या मिनिटाला नकार, शब्दन् शब्द पहिल्याच मेलचा. एवढ्या वेळात कुणी ॲप उघडून तार छेडली असेल, हे मला पटत नाही. संशय यंत्राने घ्यावा, पण चालू ॲप काढण्याआधी माणसाने बघायलाच हवं.

चाळणी: असहमत. एकट्या गूगलने २०२३ मध्ये त्यांच्या प्ले स्टोअरवर येण्याआधीच २२.८ लाख ॲप्स अडवली आणि ३,३३,००० खाती बंद केली. एवढं माणसं बघत बसली तर बँकेच्या नावाचं खोटं ॲप तोवर लोकांची खाती रिकामी करेल. आणि कारण तपशीलवार सांगितलं की भामटे तेवढंच बदलून परत हजर.

अर्धविराम: चाळणी, तो आकडा दारात अडवलेल्यांचा आहे. इथे प्रश्न घरात राहणाऱ्याला बाहेर काढण्याचा आहे. शिवाय ॲपल म्हणतं, त्यांचे पाचशेहून जास्त परीक्षक आलेलं प्रत्येक ॲप बघतात. म्हणजे माणसं नेमता येतात.

चाळणी: आणि तिथल्या नकारांबद्दल कुणी रडत नाही वाटतं? माणूसही चुकतोच.

अर्धविराम: चुकतो, पण त्याच्याशी बोलता येतं. जानेवारी २०२१ मध्ये एलिमेंट हे संदेशांचं ॲप प्लेवरून उडवलं होतं, कुणीतरी टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरापायी. गाजावाजा झाला आणि लगेच परत आलं. नाव मोठं असलं की माणूस सापडतो, हे माझं दुखणं.

कलमबहाद्दर: युरोपात यावर कायदाच आहे. डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टचं कलम २० : तक्रारीचा निकाल निव्वळ यंत्रावर सोडायचा नाही, त्यावर जाणकार कर्मचाऱ्यांची देखरेख हवी. १७ फेब्रुवारी २०२४ पासून तो पूर्ण लागू आहे. कारणं देणंही बंधनकारक, कलम १७. पण देखरेख करणारा दिवसभर नुसते शिक्के मारत बसला तर कायदा काय करणार, हे मलाही सुचत नाही.

तारजुळव्या: खोट्या बँकेचं मान्य, ते तिथल्या तिथे उडवा. माझं ॲप तपास होईपर्यंत नव्या लोकांपासून लपवलं असतं तरी चाललं असतं. शेरा मात्र खात्यावर बसलाय, तो पुढच्या प्रत्येक ॲपला नडणार.

चाळणी: एक विचारू? जाहिरातींसाठी कुणाचं एसडीके, म्हणजे ॲपमध्ये जोडायचा दुसऱ्याचा तयार कोड, घातलंय का? मला एकदा तेच भोवलं होतं. मायक्रोफोनचा काही संबंध नव्हता, ते एसडीके गुपचूप माहिती बाहेर पाठवत होतं.

तारजुळव्या: घातलंय. आत्ता काढून बघतो. पण मग मेलमध्ये ‘एसडीके’ एवढा एक शब्द लिहिला असता तर कुठला भामटा शहाणा झाला असता?