रिटायर झालेल्या बाबांना स्वयंसेवेला लावावं का? खरंच फायदा होतो की नुसतं बोलायला बरं?

आभा_क
नमस्कार. बाबा रिटायर होऊन वर्ष होऊन गेलं. तब्येत तशी ठणठणीत आहे, बीपीची एक गोळी आणि गुडघे थोडे कुरकुरतात एवढंच. पण दिवसभर टीव्ही नाहीतर मोबाइल, संध्याकाळी आईशी कशावरून तरी वाजतं आणि रात्री झोप नाही म्हणून परत चिडचिड. ताईने डोक्यात घेतलंय की त्यांना कुठेतरी स्वयंसेवेला लावायचं, बीपी कमी होतं म्हणे, विसरभोळेपणा येत नाही म्हणे. मी विषय काढून बघितला तर म्हणाले "आयुष्यभर पगार घेऊन राबलो, आता फुकट राबू?" झालं, विषय संपला. तर मला दोन गोष्टी विचारायच्यात. ह्याचा खरंच काही फायदा असतो की हे पण फॉरवर्डमधलं ज्ञान आहे? आणि ज्याला मुळात इच्छाच नाही त्याला तयार कसं करायचं? आईवर दया करून लवकर उत्तरं द्या.

शंकासुर
फायदा होतो असं म्हणणाऱ्यांना एकच विचारा, आधी कोण आलं? ज्याचे गुडघे धड आहेत, डोकं शाबूत आहे, चार लोकांत मिसळायची हौस आहे तोच मुळात घराबाहेर पडतो ना. अंथरुणाला खिळलेला माणूस कुठे जाणार सेवा करायला. मग दहा वर्षांनी मोजलं की सेवा करणारे जास्त जगले आणि श्रेय सेवेला. २०१३ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून बघितले होते, नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासांत स्वयंसेवकांमध्ये मृत्यूचं प्रमाण साधारण २२ टक्के कमी दिसलं, पण चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या प्रयोगांत तसा ठोस पुरावा मिळाला नाही. करू नका असं म्हणत नाहीये, पण औषध म्हणून विकू नका.

खिडकीकाठी
आभा, मी सत्तरीला टेकलोय त्यामुळे तुझ्या बाबांची बाजू कळते. रिटायर झाल्यावर पगार थांबतो ते एक वेळ चालतं, पण आपण नाही गेलो तर कोणाचं काही अडत नाही हे पचत नाही बघ. मी आठवड्यातून दोन सकाळी एका हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीपाशी उभा असतो. काम काय, तर फॉर्म भरून द्यायचा, कुठल्या मजल्यावर जायचं ते सांगायचं, एखाद्याला हाताला धरून लिफ्टपर्यंत सोडायचं. ऐकायला हे काम फालतू वाटतं. पण लोक तीन-तीनदा तेच विचारतात कारण त्यांचं लक्ष फॉर्मवर नसतं, हातातल्या रिपोर्टच्या पाकिटावर असतं, ते उघडतही नाहीत आणि खालीही ठेवत नाहीत. अशा वेळी आधी बसा जरा, पाणी प्या म्हणायचं, फॉर्म मग. खोल्यांचे नंबर सारखे बदलतात ते लक्षात ठेवावे लागतात, जिने चढणं-उतरणं होतं, आणि त्या रात्री झोपेची विनवणी करावी लागत नाही. शंकासुर म्हणतात ते खरं असेल, मी आधीपासूनच बरा असेन, पण मी घरी बसलो की मिसेसला विचारा मी किती बरा असतो ते 😄

संख्यावेडी
शंकासुर यांच्या मुद्द्याशी बऱ्यापैकी सहमत, पण थोडी भर घालते कारण चित्र तेवढं कोरडं नाहीये.

२०२० मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, पन्नाशीच्या पुढचे जवळजवळ १३,००० लोक चार वर्षं बघितले होते आणि सुरुवातीला कोणाची तब्येत कशी होती, पैसा किती, हे सगळं हिशोबात धरलं होतं. वर्षाला १०० तास किंवा जास्त, म्हणजे आठवड्याला जेमतेम दोन तास देणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका कमी, हालचालीला मर्यादा येण्याचं प्रमाण कमी, एकटेपणा आणि निराशा कमी, जगण्याला काही अर्थ आहे असं वाटणं जास्त. आणि आता ताईसाठी: डायबेटिस, बीपी, हार्ट, कॅन्सर, स्मरणशक्ती ह्यात काहीच खास फरक सापडला नाही. मला ह्याच कारणाने तो अभ्यास पटतो, सगळंच बरं होतं म्हटलं असतं तर मी पान उलटलं असतं. बीपीबद्दल २०१३ चा एक छोटा अभ्यास आहे, वर्षाला २०० तास देणाऱ्यांना बीपी होण्याची शक्यता ४० टक्के कमी दिसली होती, पण मोठ्या अभ्यासात ते दिसलं नाही, त्यामुळे बाबांची गोळी चालूच ठेवा.

चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग पण आहे. बाल्टिमोरमध्ये एक्सपिरिअन्स कोअर नावाचा उपक्रम होता, साठीच्या पुढचे ७०२ लोक, त्यातल्या निम्म्यांना प्राथमिक शाळेत आठवड्याला १५ तास मुलांना वाचायला मदत करायला पाठवलं. त्यातल्या १११ जणांचे मेंदूचे स्कॅन दोन वर्षं काढले. न गेलेल्या पुरुषांत मेंदूचा आकार वयाप्रमाणे थोडा घटला, गेलेल्यांत घटला नाही, उलट किंचित वाढला, बायकांमध्ये फरक कमी होता. फरक एक-दीड टक्क्याचा आणि माणसं मोजकी, म्हणून फार उड्या मारू नये. पण तिथे काम कसं होतं ते बघा, नेमाने उठून जायचं, अनोळखी पोरांशी जमवून घ्यायचं, इतर स्वयंसेवकांबरोबर टीम करून अडचणी सोडवायच्या. घरात बसून पाकिटं चिकटवली तर असं काही होईल असं मला वाटत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उपयोगी पडेल असं एक. २०१२ च्या एका अभ्यासात हे काम *का* करता असं विचारलं होतं. दुसऱ्यांसाठी करणारे जास्त जगलेले दिसले, आणि स्वतःला बरं वाटावं म्हणून करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण काहीच न करणाऱ्यांएवढंच निघालं. म्हणजे "बाबा, तुमच्या तब्येतीसाठी चांगलं आहे" ही सुरुवातच चुकीची आहे.

आभा_क
अरे बापरे, मी नेमकं तेच वाक्य बोलले होते. बाबा अकाउंट्समध्ये होते, एखाद्या संस्थेचे हिशोब बघायला सांगू का?

खिडकीकाठी
सांग, पण घरी आणून नको. नाहीतर टीव्हीसमोर वह्या येतील, बाकी काही बदलणार नाही. तिथे जाऊन बसून करायचं. आणि स्वयंसेवा हा शब्दच काढू नकोस, "त्यांचा हिशोब जुळत नाहीये, तुम्ही एकदा बघाल का" एवढंच. अकाउंट्सवाला माणूस न जुळणारा हिशोब टाकून उठत नाही.

रविवारची
सगळे गोड गोड बोलतायत म्हणून मी थोडं कडू बोलते. माझ्या सासूबाई एका संस्थेत जायच्या, सुरुवातीला हौसेने आठवड्यातून एकदा, मग तिथल्या लोकांना कळलं की ह्या नाही म्हणत नाहीत आणि मग चार दिवस झाले, वर घरी फोन. शेवटी पाठ धरली आणि सगळंच सुटलं. फुकट मिळणारा माणूस कसा वापरायचा हे काही संस्थांना फार छान जमतं. म्हणून पहिल्या दिवशीच ठरवून घ्यायचं, किती वाजता येणार, किती वाजता निघणार, जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार, उचलाउचल करणार नाही, आणि महिनाभर बघून मग कायमचं सांगतो. ज्यांना हे विचारलेलं आवडत नाही तिथे जायचंच नाही. वर १०० तासांचं लिहिलंय, त्यापेक्षा जास्त केलं की त्याच पटीत जास्त फायदा होतो असं नाही, बरेचसे अभ्यास मध्यम प्रमाणच बरं म्हणतात.

आणि आभा, राग मानू नकोस पण आईचं काय? घरचं सगळं फुकट करतायत त्या कधीपासून आणि आता तर बाबांचा मूडही सांभाळतायत. त्यांना विचारलंस का कुठे जावंसं वाटतं?

आभा_क
नाही विचारलं ताई. आज विचारते.

शंकासुर
रविवारची, +१००. बरेच आजार घेऊन काम करणाऱ्यांबद्दल कोणी बोलत नाही. गुडघे कुरकुरतात म्हणजे बसून करायची कामं बघा, अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची असतात, परीक्षेला लेखनिक लागतात. लेखनिकाचं काम नवख्याला सोपं जातं कारण तारीख-वेळ ठरलेली, तीन तास लिहायचं आणि मोकळं. फक्त अक्षर आणि वेग बघतील, आणि कोणाला बसता येतं ह्याचे नियम असतात ते आधी विचारून घ्या.

आभा_क
बाबांचं अक्षर मोत्यासारखं आहे! पण तीन तास न बोलता बसतील का हा प्रश्न आहे, उत्तर चुकतंय दिसलं की तोंडातून निघणारच.

खिडकीकाठी
मग हिशोबच बरे.