मदत हवी आहे: २०१४ च्या कॅमरी हायब्रिडची मोठी बॅटरी बाहेरून चार्ज करावी का? (सोलापूर)

टॉवेलवाला
नमस्कार मंडळी. घरी २०१४ ची टोयोटा कॅमरी हायब्रिड आहे, सेकंडहँड घेतलेली. घर जुळे सोलापुरात, कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, म्हणजे रोजचं पळणं थोडंच. उन्हाळ्यात गाडी बरेच दिवस पत्र्याच्या शेडमध्ये उभीच होती. आता चालवायला काढली तर स्क्रीनवरच्या चार्जच्या पट्ट्या जरा पिकअप घेतला की भराभर उतरतात आणि तितक्याच पटकन भरतात. मागच्या सीटमागून पंखा सारखा घूं घूं करतो. मध्येच इशाऱ्याचा दिवा लागला. कोड वाचून घेतला, पी०ए८० निघाला.

ओळखीचा एक मेकॅनिक ई-रिक्षाच्या बॅटऱ्या करतो. तो म्हणतो, मोठ्या बॅटरीचा पॅक बाहेर काढू, घरच्या लाइनवर ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) लावू, मध्ये एक बल्ब टाकू, रात्रभर चार्ज करू, सकाळी नव्यासारखी होते. नव्या पॅकचा आकडा ऐकल्यापासून मलाही ते पटायला लागलंय. असं चालतं का? की एखादा मॉड्यूल (पॅकमधला सेलचा छोटा संच) बदलून भागेल? आणि तोवर गाडी गावात फिरवावी की नाही?

निवृत्त_वायरमन
मालक, त्याला आधी पॅकपासून लांब ठेवा. तुमच्या गाडीत निकेल मेटल हायड्राइडचे ३४ मॉड्यूल एकामागे एक जोडलेत, एकूण २४४.८ व्होल्ट डीसी. ई-रिक्षाच्या ४८ व्होल्टवर ज्याचा हात बसलाय त्याचा अंदाज इथे लागू होत नाही. २३० व्होल्टची लाइन नुसती रेक्टिफाय केली की शिखराला ३२५ व्होल्ट येतात, आणि मध्ये ट्रान्सफॉर्मर नसल्याने अख्खा पॅक थेट लाइनला जोडलेला राहतो. गाडीत हा पॅक बॉडीपासून मुद्दाम अलग ठेवलेला असतो. इथे तो जमिनीवर, ओल्या फरशीवर, शेजारी कोणी चप्पल न घालता उभा. बल्बने करंट कमी होतो, झटका कमी होत नाही.

दुसरं, या बॅटरीला गाडीचा कंप्युटर कधी पूर्ण भरू देत नाही, साधारण ४० ते ८० टक्क्यांत खेळवतो. बाहेरून भरताना तो पहारेकरी नसतो. कमजोर सेलची क्षमता घटलेली, म्हणून तो सगळ्यांच्या आधी भरतो. नंतर येणारा सगळा करंट त्याच्यात उष्णता होऊन साठतो. रात्रभर, पंखा बंद, सगळे झोपलेले. वाफ सुटते, प्लॅस्टिकची पेटी फुगते.

चार्ज करण्याची रीतसर पद्धत आहे, नाही असं नाही. लाइनपासून अलग असलेला, याच कामाचा चार्जर, करंट अगदी कमी, समजा ३५० मिलिअँपिअर, पॅक ६.५ अँपिअर-तासांचा, तेव्हा किती वेळ लागेल हिशेब करा. पॅकचा पंखा पूर्ण वेळ चालू, तापमानावर नजर, माणूस जागेवर. त्याने मागे-पुढे झालेले सेल एका पातळीवर येतात. मेलेला सेल उठत नाही.

होटगीरोड
काका बरोबर. पण डिकीतली १२ व्होल्टची बॅटरी तपासली का? हायब्रिडमध्ये ती उतरली की कसलेही दिवे लागतात. उन्हाळाभर उभी गाडी म्हणजे तीच गेली असणार.

निवृत्त_वायरमन
तपासायला हरकत नाही, स्वस्तातलं काम आहे. पण पी०ए८० म्हणजे मोठ्या पॅकच्या ब्लॉकांमध्ये (मॉड्यूलच्या जोड्यांमध्ये) फरक पडलाय. नुसती १२ व्होल्टची बदलून पट्ट्यांचं हे नाचणं थांबणार नाही. टॉवेलवाले, ब्लूटूथ ओबीडी (गाडीच्या कंप्युटरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा) लावून ॲपवर सगळ्या १७ ब्लॉकांचे व्होल्ट बघा. उभ्या गाडीचे नकोत, कोणाला तरी शेजारी बसवून चढावर वाचायला सांगा. तापमानही लिहा.

कडकभाकरी
विकून टाका की बे, कशाला डोकेदुखी 😀

सूतगिरणी_बाजू
मालक, तुमचा धंदाच टॉवेलचा. पंख्याची जाळी बघितली का? पॅकला थंड करायला केबिनमधलीच हवा खेचतात. आमच्याकडे साच्यांजवळ (मागांजवळ) उभी असलेल्या गाड्यांच्या एसी फिल्टरची गादी झालेली असते, पंख्याचं वेगळं काय होणार? सीटवर सॅम्पलचे गठ्ठे ठेवत असाल तर तेही जाळीवर येतात. एक लक्षात ठेवा, साचे साफ करायचा कंप्रेसर तिथे मारू नका. तूस आत पॅकमध्ये जाऊन बसेल. व्हॅक्यूमने बाहेर ओढा.

टॉवेलवाला
सगळ्यांचे आभार. कडकभाकरी, विकायला काढली तर घेणाराही आधी ॲपच लावेल 🙂

जाळीवर खरंच तुसाचा थर होता, व्हॅक्यूमने काढला. १२ व्होल्टची ठीक निघाली. विजापूर रोडच्या पुलाच्या चढावर भावाने आकडे वाचले. बाकीचे ब्लॉक १५ च्या आसपास, ११ नंबरचा मात्र १३.४ पर्यंत खाली येतो आणि ब्रेक मारला की सगळ्यांच्या वर उडी मारतो. पॅकचं तापमान दुपारी ५१ अंश, एसी लावून संध्याकाळी ४३.

निवृत्त_वायरमन
मग चित्र स्पष्ट आहे. एका ब्लॉकात दोन मॉड्यूल, म्हणजे १२ सेल, प्रत्येकी १.२ व्होल्टचे. दीड व्होल्टचा फरक म्हणजे ११ नंबरात एक सेल जवळजवळ गेला. चार्जिंगचा विषय इथे संपला.

आता एकच मॉड्यूल बदलायचं की पूर्ण पॅक? माझं मत: एक बदललात तर इतर ३३ तेवढेच म्हातारे, काही महिन्यांत दुसरा ब्लॉक तक्रार करेल. तरी करायचंच असेल तर कोरं मॉड्यूल घालू नका, क्षमता मोजून उरलेल्यांशी जुळणारं जुनंच घाला. उघडल्यावर तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर आलाय का बघायला सांगा. कधीकधी त्या गंजामुळेही व्होल्ट चुकीचे वाचले जातात. नट टॉर्क रेंचनेच आवळायचे, जोर लावला की मॉड्यूलचा खांब (टर्मिनल) तुटतो.

उघडणाऱ्याला हे विचारा: १२ व्होल्टची निगेटिव्ह काढून नारिंगी सर्व्हिस प्लग ओढल्यावर किती थांबतोस? उत्तर "१० मिनिटं" यायला हवं, इन्व्हर्टरचे कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) रिकामे व्हायला तेवढा वेळ लागतो. प्लग काढल्यावर पॅक मेला का, असंही विचारा. "हो" म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा. प्लगने पॅकची साखळी मधोमध तुटते, पण दोन्ही तुकड्यांत शंभराहून जास्त व्होल्ट जिवंतच असतात. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे, तेही फुंकून भोक नाही ना हे बघून. घड्याळ, अंगठ्या, कडं सगळं उतरवून.

टॉवेलवाला
आणि तोवर चालवू का?

निवृत्त_वायरमन
गावात चालवा, हैदराबाद-पुणे नको. उन्हात उभी गाडी काढली की आधी काचा खाली, मग एसी. केबिन तापलेलं असेल तर पॅकलाही तीच हवा मिळते. सिग्नलला एन (न्यूट्रल) मध्ये टाकायची सवय असेल तर सोडा, इंजिन चालू असलं तरी एन मध्ये ही बॅटरी चार्ज होत नाही. नवीन पॅक बसवल्यावरही गाडी महिनोन्महिने शेडमध्ये ठेवू नका. दोन-तीन महिन्यांत एकदा तरी अर्धा तास चालवा, चार्जरची गरजच पडणार नाही. पुन्हा लाल दिवा लागला किंवा उग्र वास आला तर तिथेच बाजूला घ्या आणि टोचन मागवा.

टॉवेलवाला
ठरलं. मेकॅनिकला रेक्टिफायर परत न्यायला सांगितलं. पुण्यात हायब्रिडचंच काम करणाऱ्या एकाशी बोललो, १० मिनिटांचं उत्तर बरोबर आलं. गाडी ट्रकवर टाकून पाठवतोय. पूर्ण पॅकचा आणि जुळवलेल्या मॉड्यूलचा, दोन्ही भाव आले की इथेच टाकतो.