बोस्टन ९ बंद झालाय, त्याच्या जागी कुठला बूट घेऊ? (बेळगावातल्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

ए-३०२: नमस्कार मंडळी, ग्रुपवर पळणारे चालणारे बरेच आहेत म्हणून इथंच विचारतो. माझा पळायचा बूट आदिदासचा अ‍ॅडिझीरो बोस्टन ९, तो बंद होऊन बरीच वर्षं झाली, सेलमध्ये घेऊन ठेवलेली शेवटची जोडी आता संपत आलीय, तळाचं रबर बाहेरच्या बाजूनं घासून आतला पांढरा फोम दिसायला लागलाय. त्याच्यासारखा दुसरा शोधालोय पण मिळंना. रोजचं पळणं व्हॅक्सिन डेपोत, कधी सावगाव रोडनं बाहेर, रविवारी राकसकोपच्या बाजूला, म्हणजे डांबर, रेव आणि पावसात लाल चिखल सगळं पायाखाली येतं. दुकानात विचारलं की जाड सोलचं काहीतरी काढून देतात. मला तो बूट फार आवडतो हो, पायात आहे हे कळायचंसुद्धा नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा प्लीज

बी-३०३: दादा बोस्टन १३ आलाय की, तोच घ्या ना, नाव तेच आहे

सी-२०१ सर: नाव तेच आहे पण बूट तो नाही रे. दादांचा बोस्टन ९ म्हणजे बूस्ट या आदिदासच्या फोमचा सोल, खाली टायरवाल्या कॉन्टिनेंटलचं रबर, टाच आणि पंजा यांच्या उंचीत १० मिमीचा फरक आणि एकंदर बूट जमिनीला धरून. २०२१ मध्ये १० नंबर आला त्यात सगळंच पालटलं, टाचेखाली ३९.५ मिमी उंची, दोन थरांचा लाइटस्ट्राइक फोम आणि आत फायबरग्लासच्या कांड्या. असं का केलं तर २०१७ ला नायकीचा व्हेपरफ्लाय आला, उंच हलका फोम आणि आत कार्बनची पट्टी, त्यावर रेकॉर्ड पडायला लागले, मग २०२० ला वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या जागतिक संघटनेनं रस्त्यावरच्या शर्यतीच्या बुटाला ४० मिमीची मर्यादा घातली आणि तिथून पुढं सगळ्या कंपन्या त्या ४० च्या आत मावेल तेवढा फोम भरायला लागल्या. बोस्टन हा मग त्या उंच रेसच्या बुटाचा सरावाचा जोडीदार झाला. वाईट बूट नाही तो, सपाट डांबरावर लांब पळायला चांगला आहे, पण बोस्टन ९ आवडणाऱ्या माणसाला १३ आवडेलच असं अजिबात नाही

ए-३०२: बरोबर बोललात सर. एका मित्राचा १२ नंबर घालून बघितला मी, डांबरावर छान वाटला, पण कडेच्या रेवेवर उतरलो की उंचावर उभं राहिल्यासारखं होतं, पाय बाहेरच्या बाजूला कलतो

बी-१०४ वहिनी: ते सांगितलंत ते महत्त्वाचं आहे. माझ्याकडं फिजिओला येणाऱ्यांना मी हेच विचारते की जुन्या बुटात नेमकं काय आवडायचं ते आधी ठरवा. उसळी आवडायची का? हलकेपणा? टाच घट्ट धरायचा ते? का पायाखालची जमीन कळायची ते? एकाच बुटात हे सगळं एकत्र असतं त्यामुळं माणूस "तसाच पाहिजे" म्हणतो आणि दुकानदाराला काही कळत नाही

ए-३०२: वहिनी विचार केला तर उसळी नाही. एक म्हणजे टाच अजिबात हलायची नाही. दुसरं ओल्या रस्त्यावर घसरायचा नाही, मागच्या पावसाळ्यातसुद्धा, रबर एवढं झिजल्यावरसुद्धा. आणि तिसरं खालची जमीन कळायची

बी-१०४ वहिनी: मग झालं की, उंची कमी, रबर चांगलं आणि टाच घट्ट. फोम कुठला हे सगळ्यात शेवटी बघा. आणि ड्रॉप ८ ते १० मध्येच ठेवा, म्हणजे टाच पंजापेक्षा जेवढी उंच असते तो फरक. तुम्हाला १० ची सवय आहे, एकदम ४ वर गेलात तर सगळा ताण पोटरीवर आणि टाचेच्या मागच्या शिरेवर येतो. ४ चे बूट वाईट असतात असं नाही, पण त्याला शरीराला सवय लावायला महिने द्यावे लागतात आणि तुमची पोटरी आधीच धरते हे मला माहितेय

बी-३०३: सर बूस्ट पण जुना झाला ना आता, आता सगळे नवीन फोम वापरतात

सी-२०१ सर: जुना म्हणजे २०१३ चा. टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकचे छोटे दाणे वाफेनं फुगवून एकमेकांना चिकटवतात, थर्माकोलसारखं दिसतं ते. २०१४ ला बर्लिनला डेनिस किमेट्टो २:०२:५७ मध्ये मॅरेथॉन पळाला तेव्हा त्याच्या पायात बूस्टचाच बूट होता आणि तेव्हा तो जागतिक विक्रम होता. आताच्या फोमपेक्षा जड पडतो म्हणून रेसच्या बुटातून गेला. पण टिकायला बूस्टचा हात धरणारा फोम कमी, नेहमीच्या बुटातला साधा इव्हीए फोम कडक होऊन बसतो तसा हा बसत नाही, म्हणून तर दादांची जोडी एवढी चालली



सी-१०३ ताई: मी फक्त चालते, धावत नाही, मला यातलं काही लागू आहे का?

बी-१०४ वहिनी: ताई तुम्हाला ड्रॉपचं टेन्शन नको, पंजा रुंद असलेला आणि टाच न हलणारा बघा. बायकांच्या बुटात बी म्हणजे नेहमीची रुंदी आणि डी म्हणजे रुंद, तुमच्या अंगठ्याच्या हाडाला लागतं म्हणालेलात ना, मग डी मागा

बी-३०३: दादा मिळाला!! एका साइटवर बोस्टन ९ आहे, १७९९ ला, सगळे साइज आहेत

सी-२०१ सर: थांबा, पैसे भरू नका. एवढी वर्षं बंद असलेला बूट ६ पासून ११ पर्यंत सगळ्या साइजमध्ये, तोही या किमतीत, तो खरा नसतो. उरलेला खरा माल असेल तर एखाद दुसरा साइज असतो, बहुतेक वेळा एकदम लहान नाहीतर एकदम मोठा. खरा ओळखायचा तर जिभेच्या आतल्या लेबलवर आर्टिकल नंबर असतो तो आणि खोक्यावरचा एकच पाहिजे, आणि लेबलवर बनवल्याचा महिना वर्षपण असतं. परदेशातून मागवायचा विचार असेल तर तेही सोपं नाही राहिलं, बुटांना आता बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क सक्तीचा आहे, बाहेरच्या फॅक्टरीलासुद्धा इथं माल पाठवायचा तर ते लायसन घ्यावं लागतं, त्यामुळं बाहेर मिळणारे कितीतरी मॉडेल आपल्याकडं येतच नाहीत

ए-२०४ काका: मी जरा बोलू का. मी बुटाच्या लायनीत बरीच वर्षं काढलीत, आमचं मूळ अथणीचं, घरात चपलेचं काम पिढ्यांपासून. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं बगा, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि आपल्या इकडचे चार, त्यात बेळगाव आहे. तर सांगायचं असं की जुना स्टॉक खरा निघाला तरी त्याचं पेस्टिंग बघा. बूट न घालता खोक्यात पडून राहिला तरी म्हातारा होतोच, सोल्युशन वाळतं आणि चार दिवस पळालं की सोल सुटतो. त्यात आपल्याकडं पावसाळ्यात हवा किती ओली असते. पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) सोलचं तर अजून वाईट, दमट हवेनं आतून कुजतो आणि भुगा होतो. बूस्टचा फोम राहील चांगला पण वरचं खालचं चिकटवलेलं सुटलं तर काय उपयोग

ए-३०२: काका माझी जोडी दुरुस्त होईल का, खाली नवीन रबर लावून?

ए-२०४ काका: लावता येतं, पण ते रबर जाड आणि कडक येणार, बूट वाकायचा तसा वाकणार नाही आणि वजन वाढतं. बाजारात जायला, फिरायला वापरा, पंधरा वीस किलोमीटर पळायला नको. मी तुम्हाला दुसरं सांगतो. बुटाचा जीव फर्म्यात असतो. फर्मा म्हणजे ज्या साच्यावर वरचं कापड ओढून बसवतात तो. पंजा किती रुंद, वरचा उंचवटा केवढा, टाच किती अरुंद हे सगळं फर्म्यात ठरतं. फर्मा बदलला की नाव तेच असलं तरी पायाला दुसराच बूट लागतो. म्हणून जुन्या बुटाची आतली गादी काढा, तिच्यावर तुमच्या पायाचा ठसा उमटलेला असतो, आणि दुकानात नवीन बुटाची गादी काढून तिच्यावर ही ठेवून बगा. पंजाला जुनी गादी बाहेर येत असेल तर तो बूट तिथंच ठेवून द्या, घालून बघायचीसुद्धा गरज नाही. टाचेकडं नवीन गादी फार रुंद असेल तर टाच हलणार

बी-१०४ वहिनी: काका हे फार उपयोगी सांगितलंत, मी पेशंटना पण सांगेन

ए-१०१ सुभेदार काका: पाय संध्याकाळी मोजा. दिवसभर उभं राहून पाय फुगतो, सकाळी घेतलेला बूट दुपारी आवळतो, रेजिमेंटमध्ये नवीन पोरांचं हेच व्हायचं. दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभं राहायचं, खाली कागद ठेवून टाचेपासून लांबातल्या लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये माप घ्यायचं. दोन्ही पाय वेगळे मोजा, मोठा पाय धरून बूट घ्या. आणि मोजे पळायचेच पाहिजेत

सी-२०१ सर: सेंटिमीटर ही एकदम बरोबर गोष्ट काढलीत काका. दादा तुमचा आदिदासचा यूके ८ ना? तो लेबलवर २६.५ सेंमी असतो. नायकी आणि प्युमाचा यूके ८ हा २७ असतो. म्हणजे नुसतं "८ द्या" म्हटलं तर अर्धा सेंटिमीटर मोठा बूट येतो, आणि तुम्हाला टाच हललेली चालत नाही. जिभेवर जेपी (जपानी माप) किंवा सीएम (सेंटिमीटर) लिहिलेला आकडा बघायचा, यूकेचा नाही

आता बूट कुठले ते सांगतो. त्याच घराण्यातले अ‍ॅडिझीरो अडिओस आणि अ‍ॅडिझीरो एसएल आहेत. अडिओस बारीक सोलचा आहे, जमीन कळेल, पण रविवारच्या लांब पळण्याला तुमच्या वयाला (माझ्यापण) तो कमी पडेल असं मला वाटतं. एसएल रोजचा बूट आहे, मऊ नाही, बोस्टन ९ च्या स्वभावाला बराच जवळ. प्युमाचा व्हेलॉसिटी नायट्रो बघा, ड्रॉप १० च आहे आणि त्याचं प्युमाग्रिप रबर ओल्यात फार छान धरतं, मी स्वतः पावसात किल्ल्याच्या तळ्याच्या बाजूला त्याच्यावर पळालोय, फरशीवरसुद्धा भरवसा वाटतो. उंची तुमच्या जुन्यापेक्षा जास्त आहे हे खरं, पण पंजाखाली आताच्या बोस्टनपेक्षा कमी. नायकीचा पेगॅसस १९८३ पासून चालत आलाय, ड्रॉप १०, भरवशाचा आहे पण तुम्हाला जड वाटेल. सॉकनीचा किनवारा हलका आणि जमिनीजवळचा, मनानं मी तोच सांगितला असता, पण त्याचा ड्रॉप ४, वहिनींनी आत्ताच नको म्हटलंय आणि पोटरीच्या बाबतीत त्यांचं ऐकायचं. ब्रुक्सचा लाँचपण १० चा आहे, साधा आणि हलका, पण आपल्याकडं मिळायची मारामार. माझं विचाराल तर पहिला व्हेलॉसिटी, नंतर एसएल, दोन्ही एकाच वेळी घालून बघा, एका पायात हा आणि एका पायात तो

बी-१०४ वहिनी: आणि नवीन घेतला की लगेच राकसकोपला जाऊ नका हं. पहिले काही दिवस छोटं पळणं नव्यावर आणि लांब पळणं जुन्यावरच, आलटून पालटून. पोटरी किंवा टाचेच्या मागं सकाळी उठल्या उठल्या दुखायला लागलं तर मला सांगा

ए-३०२: वहिनी नक्की. सर, काका, एवढं सविस्तर कुणी दुकानात सांगितलं नव्हतं, मनापासून थँक्यू. हे सगळे बूट इथं एकाच ठिकाणी मिळतील का? खडेबाजारात बघितलं, तिथं कॉलेजच्या पोरांचे फॅशनचेच जास्त आहेत

बी-३०३: दादा ऑनलाइन दोन साइज मागवा आणि एक परत करा, मी तसंच करतो

सी-२०१ सर: करता येतं पण गादीवर गादी ठेवून आणि दोन्ही बूट शेजारी घालून बघण्यात जे कळतं ते तिथं कळत नाही, शिवाय बाहेर पळून आल्यावर परत घेत नाहीत. मी शनिवारी हुबळीला जाणार आहे भाचीकडं, तिथली शोरूम मोठी आहेत, चला माझ्याबरोबर. दोनला निघालो तर चारपर्यंत पोचू, म्हणजे सुभेदार काका म्हणतात तसं संध्याकाळी पाय मोजता येईल. अजून एक, शोरूममध्ये गालिच्यावर चालून बघू नका, बाहेरच्या फरशीवर दोन फेऱ्या पळू द्या म्हणून विचारा, बहुतेक जण देतात

ए-२०४ काका: लेस पण नीट बांधून बगा. सगळ्यात वर घोट्याजवळ एक जादा भोक असतं, बरेच जण ते मोकळंच सोडतात. त्यातून लेस आतल्या बाजूनं घेऊन छोटा फास करायचा आणि समोरची लेस त्यातून ओढायची, टाच जागेवर बसते. टाच थोडी हलते म्हणून चांगला बूट नाकारू नका, आधी हे करून बगा

ए-३०२: हे माहीतच नव्हतं काका, जुन्यावर आत्ताच करून बघतो

सी-१०३ ताई: मला पण डी रुंदीचा मिळतो का बघाल का तिथं? माप वहिनींकडून घेऊन पाठवते

ए-३०२: हो ताई पाठवा, सेंटिमीटरमध्ये पाठवा. सर शनिवारी येतो मग, जुना बूट, गादी, मोजे सगळं घेऊन येतो. काका तुम्ही पण चला की, फर्मा बघायला तुमच्यासारखा माणूस पाहिजे, सरांच्या गाडीत जागा आहे

ए-२०४ काका: येतो की. पण पावणेदोनलाच निघूया, रेल्वे गेटवर अडकलो तर अर्धा तास तिथंच जातो